चेनवाला हार्वेस्टर गावोगाव न्यायचा आहे : ट्रेलर कोणता घ्यावा?

कळवेकर

नमस्कार. मी कळव्यात राहतो, नोकरी वाशीला आहे आणि शेती मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. आमच्या भावकीतल्या चार घरांनी मिळून गेल्या वर्षी पेणच्या बाजूचा एक जुना चेनवाला, म्हणजे चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारा भात हार्वेस्टर विकत घेतला. यंत्र उत्तम आहे, परंतु ते ताशी पाच-सहा किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि डांबरी रस्त्यावर चालवले की रबरी पट्टे झिजतात. हे पट्टे बदलायचे म्हटले की हंगामाची निम्मी कमाई तिथेच जाते. त्यामुळे एका गावाहून दुसऱ्या गावी ते कशावर तरी चढवूनच न्यावे लागते. पहिल्या हंगामात आम्ही अकरा वेळा भाड्याचा ट्रक बोलावला. त्यातील तीन वेळा तो ठरल्या दिवशी आलाच नाही, आणि दिवाळीच्या सुमारास पिकून आडवे पडलेले भात ट्रकची वाट पाहत थांबत नाही.

म्हणून यंदा पाऊस संपण्यापूर्वी स्वतःचा ट्रेलर करून घ्यावा, असा विचार आहे. यंत्राची धान्याची टाकी रिकामी आणि डिझेल अर्धे असताना काट्यावर ३,१८० किलो वजन भरले. टेपने मोजलेली लांबी ४.८ मीटर, रुंदी २.२५ मीटर आणि उंची २.७५ मीटर आहे. ओढायला घरचा ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. काम मुख्यतः मुरबाड तालुक्यात, थोडे शहापुरात किन्हवली-डोळखांबकडे, थोडे कर्जतला. आणि नोव्हेंबरात जमल्यास इगतपुरीलाही जाण्याची इच्छा आहे, कारण तिकडचे भात आपल्यानंतर निघते.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला, बाजारात मिळणारी चार चाकी ट्रॉली घेऊन तिच्या फळ्या काढून टाकायच्या. दुसरा, खास बांधून घेतलेला बुटका ट्रेलर. तिसरा, जुना लहान ट्रक विकत घ्यायचा. घरातल्या मंडळींचे मत पहिल्याकडे झुकते आहे, कारण ती ट्रॉली उरलेले दहा महिने खत आणि विटा वाहायला उपयोगी पडेल. ज्यांनी असे यंत्र प्रत्यक्ष हलवले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कळंबोलीकर

माझा व्यवसाय वाहतुकीचा आहे, त्यामुळे माझे मत थोडे ट्रकच्या बाजूने झुकेल, हे आधीच सांगून टाकतो.

लोखंड बाजारात आमच्या आजूबाजूला चाळीस फुटी ट्रेलर रांगेने उभे असतात. लोक विचारतात, त्यावर हार्वेस्टर नेता येईल का? येईल, पण सरळगावच्या पुढे तो वळवणार कुठे? फलाटाची उंची कंबरेच्या वर आणि लांबी अख्ख्या खळ्याएवढी. बुटक्या फलाटाचा लोबेड असतो, तो पोकलेनसारख्या अवजड यंत्रासाठी. तीन टनांच्या यंत्राला तो बोलावणे म्हणजे एका पाटीभर भातासाठी मालगाडी मागवणे.

तुमच्या वजनाला साडेसात टन एकूण वजनाचा लहान ट्रक पुरतो. असा ट्रक साधारण चार टन माल उचलतो. परंतु दोन अडचणी आहेत. पहिली रुंदीची. या ट्रकच्या बंद हौद्याची आतली रुंदी बहुधा साडेसहा ते सात फूट असते आणि तुमचे यंत्र सात फूट चार इंचांच्या पुढे आहे. म्हणजे बाजूच्या फळ्या उतरवून सपाट फलाट करावा लागेल. दुसरी अडचण उंचीची. फलाट जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, त्यावर तुमचे पावणेतीन मीटरचे यंत्र, म्हणजे एकूण चार मीटर. महामार्गावर हे निभते, पण गावात शिरल्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि चिंचेच्या फांद्या यांना तुमचे मोजमाप ठाऊक नसते. आमच्या एका गाडीवर क्लीनर काठी घेऊन मागे उभा राहून तारा वर उचलत असे. ते पाहिल्यावर मी ती पद्धत त्याच दिवशी बंद केली.

एक कुतूहल : पेणहून यंत्र कोणत्या रस्त्याने आणले होते?

कळवेकर

खोपोली–कर्जत–म्हसा असा सरळ मार्ग असताना ट्रकवाल्याने कळंबोली, शिळफाटा, कल्याण असा वळसा घेतला, कारण त्याला परतीचा माल भिवंडीतून मिळणार होता. अवजड वाहनांच्या बंदीची वेळ लागली म्हणून आम्ही शिळफाट्याच्या अलीकडे तब्बल चार तास उभे होतो. चहाच्या टपरीवाल्याला हार्वेस्टर म्हणजे काय हे मी तीन वेळा समजावून सांगितले. चौथ्या वेळी तोच इतरांना सांगू लागला.

वेल्डिंगवाला तळोजा

मी तळोज्याला फॅब्रिकेशन करतो. ट्रॉल्या, पाण्याचे टँकर आणि दोनदा अशाच यंत्रांचे ट्रेलर बांधले आहेत. कळवेकर, तुम्ही वजन आणि रुंदी दिलीत, पण ट्रेलर बांधणारा माणूस जे माप सर्वांत आधी मागेल ते दिले नाही. दोन्ही पट्ट्यांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर किती आहे? यंत्र २.२५ मीटर रुंद असले तरी ते उभे राहते पट्ट्यांवर. हेडर, म्हणजे पुढचा कापणीचा भाग, आणि धान्याची टाकी हवेत असतात, त्यांना फलाट लागत नाही.

या प्रकारच्या यंत्रांत पट्टा साधारण ४५ सेंटिमीटर रुंद असतो. तुमच्या यंत्राचे बाहेरून बाहेर माप १.६ मीटरच्या जवळपास भरले, तर फलाट १.८ मीटरचा पुरेल. मग चाके फलाटाच्या खाली न घेता दोन्ही बाजूंना घेता येतात. ७.५०-१६ चा टायर सुमारे २२ सेंटिमीटर रुंद, त्याला सात सेंटिमीटरची फट सोडली, तरी एकूण रुंदी २.४ मीटरच्या आत राहते. रस्त्यावरील वाहनाला रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे, म्हणजे तिथेही बसते. चाकांच्या मधल्या जागेत फलाट बसवल्यामुळे तो जमिनीपासून ६५ सेंटिमीटरपर्यंत खाली आणता येतो. बाजारातील ट्रॉलीत हौदा चाकांच्या वर असतो, त्यामुळे तो मीटरभर उंच राहतो आणि कितीही फळ्या काढल्या तरी खाली येत नाही.

हा फरक कशासाठी, ते सांगतो. चढणीच्या फळ्यांची लांबी फलाटाच्या उंचीच्या निदान चौपट असावी. तेव्हा कुठे चढण १५ अंशांच्या आत राहते. ट्रकचा १.२ मीटरचा फलाट घेतला तर ४.८ मीटरच्या फळ्या लागतात. मीटरभर उंचीच्या ट्रॉलीला चार मीटरच्या. ६५ सेंटिमीटरला २.६ मीटरच्या पुरतात. प्रत्येक फळीवर यंत्राचे निम्मे, म्हणजे १.६ टन वजन येते. इतके पेलणारी लोखंडी चॅनलची फळी पावणेपाच मीटर लांब केली, तर ती उचलायला चार माणसे लागतात. मग रात्री आठ वाजता शेतात दोनच माणसे असली की लोक काय करतात? आखूड फळ्या लावतात, नाही तर बांधाला गाडी टेकवतात. अपघात तिथे होतो. ट्रेलर किती टनांचा, हे सगळेच विचारतात; तो किती उंच, हे फार थोडे लोक विचारतात.

फलाटाला सगळीकडे पत्रा लावू नका. ५ मिलिमीटरचा साधा पत्रा चौरस मीटरला ३९.२५ किलो भरतो. ४.२ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद फलाट पूर्ण मढवला तर जवळजवळ ३०० किलो पत्राच होतो. त्याऐवजी पट्ट्यांखाली ५५ सेंटिमीटरच्या दोनच वाटा ठेवल्या तर १८० किलोंत काम होते आणि मधून चिखल खाली गळून जातो. मागच्या हंगामात ज्यांनी पूर्ण पत्रा मारून घेतला, त्यांनी जानेवारीत येऊन मला मधला भाग कापून द्यायला सांगितला. त्यात वाळलेल्या चिखलाचा आणि पेंढ्याचा वीतभर थर होता.

चाके दोन जोड्या, एकापाठोपाठ, मध्यभागाच्या थोडी मागे घ्या. पुढच्या दांडीसह वळणारा पुढचा आस असलेली ट्रॉली माल वाहायला चांगली, पण ती मागे घेणे हे भल्याभल्यांना जमत नाही, आणि शेताच्या तोंडाशी तुम्हाला दर वेळी मागेच घ्यावे लागणार आहे. टायरवर लोड इंडेक्स कोरलेला असतो तो वाचून घ्या. १२१ लिहिले असेल तर एका टायरची क्षमता १,४५० किलो. चार टायर म्हणजे ५,८०० किलो. तुमचे यंत्र आणि ट्रेलर मिळून ४,८०० किलोंच्या आसपास जाईल. जुने रिमोल्ड टायर बसवून हा हिशेब करू नका.

भातखाचर

मी किन्हवलीजवळच्या गावात महिला बचत गटाची अवजारे बँक चालवते. आमच्याकडे असेच यंत्र तीन हंगाम आहे. वेल्डिंगवाले दादांनी फळ्यांबद्दल जे लिहिले आहे त्याला माझा पुरावा जोडते, कारण हे आम्ही पैसे मोजून शिकलो आहोत.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात, पहाटे साडेपाचच्या सुमारास आम्ही भाड्याच्या ट्रॉलीवर यंत्र चढवत होतो. ट्रॉली मीटरभर उंच होती आणि फळ्या जेमतेम अडीच मीटरच्या. दव पडले होते, पट्ट्यांत आदल्या दिवशीचा चिखल भरलेला होता आणि फळ्या गुळगुळीत चॅनलच्या. यंत्र तीन-चतुर्थांश वर गेले आणि उजवा पट्टा लोखंडावर फिरू लागला. पुढे जाण्याऐवजी यंत्र तिरपे होऊ लागले. चालकाने घाबरून डावीकडे वळवले, आणि इथेच चुकले. फळीवर यंत्र कधीही वळवायचे नसते. चुकले तर सरळ रेषेतच खाली यायचे आणि पुन्हा लावायचे. उजवी फळी सुटली, यंत्र एका कडेवर कलंडून ट्रॉलीच्या कठड्यावर अडकले. चालकाने डावीकडे उडी मारली म्हणून वाचला. हेडरचे पुढचे टोक वाकले, सुटा भाग येईपर्यंत पाच दिवस गेले, आणि त्या पाच दिवसांत तीन घरांचे भात त्यांना हाताने कापावे लागले. त्यांच्या घरी जाऊन मला जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

आता आम्ही काय करतो, ते सांगते. धान्याची टाकी पूर्ण रिकामी करतो. टाकी उंचावर असल्यामुळे तीत चार पोती जरी राहिली तरी यंत्र डोलते. धान्य बाहेर टाकणारी नळी घडी करून तिच्या खोबणीत बसवतो. पट्ट्यांतला चिखल लोखंडी पहारीच्या टोकाने खरवडतो. पाण्याने धुवत नाही, कारण ओला पट्टा आणखी घसरतो. फळ्यांवर आडव्या सळ्या वितळवून बसवून घेतल्या आहेत आणि वर जुनी गोणपाटे पसरतो. फळीचे वरचे टोक नुसते टेकवत नाही. त्याला आकडा आणि आकड्यात खिळा असतो. यंत्र फळी सोडून फलाटावर येते तो क्षण सर्वांत अवघड असतो, कारण तोपर्यंत आकाशाकडे पाहणारे यंत्र एकाएकी पुढे झुकते. तिथे अगदी सावकाश, हेडर पुरेसा वर आणि समोर कोणीही उभे नसावे. एकच माणूस खुणा करतो. पूर्वी आमच्याकडे सहा माणसे एकाच वेळी ‘घे घे’ आणि ‘थांब थांब’ ओरडत असत.

आणखी एक गोष्ट, जी मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. यंत्र ट्रेलरच्या मागच्या टोकावर असते तेव्हा पुढची दांडी वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर ट्रॅक्टरची मागची चाकेही हलकी होतात. ट्रॅक्टरचा हँडब्रेक त्याच चाकांवर चालतो. म्हणजे ज्या वेळी तो हवा, नेमका त्याच वेळी तो कुचकामी असतो. ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना खाली सोडता येणारे पाय हवेतच, आणि ट्रॅक्टरच्या चाकांना लाकडी ठोकळे.

कळवेकर

ताई, अंगावर काटा आला. आम्ही गेल्या वर्षी अकरा वेळा यंत्र चढवले आणि अकराही वेळा पाय वगैरे काही नव्हते. दगड मात्र लावत होतो. माझ्या काकांनी रात्री दोन वेळा तोच दगड चुकून घरी आणला होता.

परवाना-पत्र

मी ठाण्यात वाहनांच्या कागदपत्रांची कामे करतो. तांत्रिक बाजू वरील मंडळींनी चांगली मांडली आहे, म्हणून मी कागदांपुरतेच लिहितो.

ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रेलर आपोआप येतो, हा समज फार पसरलेला आहे आणि अपघातानंतरच तो दूर होतो. खास बांधून घेणार असाल तर बांधणाऱ्याकडे त्या नमुन्याची मान्यता आहे का, हे काम देण्यापूर्वी विचारा. गल्लीतल्या दुकानातून घेतलेला सुबक ट्रेलर नोंदणीलाच अडतो आणि मग अंगणात उभा राहतो, हे मी पाहिले आहे.

दुसरा मुद्दा वापराचा. तुमचा ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदलेला आहे. स्वतःच्या गटाचे यंत्र स्वतःच्या शेतात नेणे वेगळे, आणि भाडे घेऊन दुसऱ्यांच्या शेतात कापणी करण्यासाठी नेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात विमा कंपनी दावा नाकारू शकते. चार घरांचा गट नोंदवून कापणीचे काम करणार असाल, तर विमा उतरवताना हे काम स्पष्ट लिहून द्या. हप्ता थोडा वाढेल, पण झोप लागेल.

तिसरा मुद्दा दंडाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार मर्यादेपेक्षा जास्त वजनाला २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. माल बाजूंनी, पुढे-मागे किंवा उंचीला नियमाबाहेर जात असेल तरी २० हजारांची तरतूद आहे. हार्वेस्टरच्या बाबतीत वजनापेक्षा हीच तरतूद लागण्याचा संभव जास्त. म्हणून वेल्डिंगवाल्यांनी सांगितलेले २.४ मीटर हे माप कागदावरही सोयीचे आहे.

जुना लहान ट्रक घेतलात तर एक सवलत आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या माणसाला साडेसात टनांपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. गटातील तरुण मुलांना हा ट्रक चालवता येईल.

घाटातला म्हातारा

तीस वर्षे ठाणे–नाशिक मार्गावर गाडी चालवली, आता निवृत्त आहे. धागा वाचत होतो, पण इगतपुरीचा उल्लेख कोणीच पुढे नेला नाही म्हणून लिहितो.

कळवेकर, मुरबाड आणि शहापूर ठीक आहे. परंतु बिनब्रेकचा ट्रेलर घेऊन कसारा घाटात जाऊ नका. तुमच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-सव्वादोन टन असेल आणि मागे पावणेपाच टन. उतरणीला मागचे ओझे पुढच्याला ढकलते. ट्रॅक्टरने ब्रेक लावला की त्याची मागची चाके घसरतात, ट्रेलर बाजूने पुढे येतो आणि दोघे घडी घातल्यासारखे एकमेकांवर येतात. हे व्हायला वेग लागत नाही. ताशी पंचवीस किलोमीटरलाही होते.

जाताना चढ आहे म्हणून धोका नाही, असे समजू नका. चढाला ट्रेलरची दांडी ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला खाली दाबते आणि पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकत नाही. पुढे लोखंडी वजने लावलेली असावीत. आणि येताना तर सबंध घाट उतरायचा आहे. ज्या गिअरमध्ये तो चढलात त्याच गिअरमध्ये, किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरायचे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून सोडणारे चालक मी पाहिले आहेत. त्यातील काहींना नंतर पाहिले नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात आणि दोन पायपट्ट्या जोडणारी एक कडी असते. शेतात वळण्यासाठी ती सोडतात आणि रस्त्यावर आल्यावर लावायची विसरतात. मग घाईत पाय एकाच पट्टीवर पडतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो. रस्त्याला लागण्यापूर्वी खाली वाकून ती कडी डोळ्यांनी पाहावी.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ट्रॅक्टर मंदावला की दांडीतला सरकता भाग आत दाबला जाऊन ब्रेक लागतात, असा एक प्रकार असतो. सपाटीला तो छान, पण लांब उतरणीला ते ब्रेक सतत घासत राहून तापतात. पायपट्टीबरोबर लागणारे, तेलाच्या दाबाचे ब्रेक घाटासाठी त्याहून भरवशाचे. तरीही माझे मत विचाराल तर इगतपुरीला वर्षातून एक-दोनदाच जाणार असाल, तेवढ्यापुरता ट्रकच करा.

कळंबोलीकर

काकांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत, आणि ते मी व्यवसायासाठी म्हणत नाही. घाटापलीकडच्या फेऱ्यांना ट्रक आणि घाटाच्या अलीकडे स्वतःचा ट्रेलर, अशी वाटणी अनेकजण करतात.

एक पुरवणी बांधण्याबद्दल. दोर वापरू नका. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, चेसिसला कंपनीने दिलेल्या कड्यांतून, थोड्या तिरप्या आणि पुढच्या-मागच्या परस्परविरुद्ध दिशांना ओढणाऱ्या. हेडरला किंवा पट्ट्यांच्या रोलरला साखळी लावू नये. सगळ्या साखळ्यांची मिळून सुरक्षित ओढ यंत्राच्या वजनाच्या निम्म्याहून कमी नसावी. मी पूर्ण वजनाइतकी ठेवतो. हेडर फलाटावर टेकवून ठेवा, हायड्रोलिकवर लटकत ठेवू नका. आणि निघाल्यावर पाच-सात किलोमीटरवर एकदा थांबून साखळ्या पुन्हा आवळा. पहिल्या काही खड्ड्यांत यंत्र आपली बैठक बदलते आणि साखळी सैल होते. कल्याण–मुरबाड रस्त्यावर ते पाच किलोमीटरच्या आधीच होईल.

शिवारफेरी

वाचत आहे. टायरवाल्या पंजाबी हार्वेस्टरसाठी हाच धागा चालेल का? त्याचा कटर चौदा फुटी आहे.

वेल्डिंगवाला तळोजा

शिवारफेरी, त्याचे गणित वेगळे आहे. चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटरहून जास्त; ते आडवे ठेवून कुठलाच ट्रेलर नियमात बसणार नाही. तिथे कटर सोडवून लांबीच्या दिशेने छोट्या दोनचाकी गाड्यावर ठेवतात आणि यंत्र स्वतःच्या चाकांवर तो गाडा ओढत जाते. मराठवाड्यात आणि विदर्भात तसेच फिरतात. आपल्याकडच्या बांधाबांधांच्या खाचरांत ते यंत्र येतच नाही, म्हणून वेगळा धागा काढावा.

कळवेकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी गावी जाऊन आलो. पट्ट्यांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर १.५८ मीटर भरले. माझ्या काकांनी टेपचे दुसरे टोक धरले होते आणि तीन वेळा मोजून घेतल्याशिवाय सोडले नाही.

भावकीची बैठक झाली. खत-विटांच्या ट्रॉलीचा आग्रह धरणाऱ्या चुलतभावाला मी ताईंचा अनुभव मोबाइलवर वाचून दाखवला. तो वाचल्यावर त्याने एवढेच विचारले की, मग खत कशातून आणायचे? त्याचे उत्तर असे ठरले की, खताला गावात तीन ट्रॉल्या भाड्याने मिळतात, हार्वेस्टरला एकही मिळत नाही. तेव्हा बुटका, दोन आसांचा ट्रेलर करायचा. चाके बाजूंना, फलाट ६५ ते ७० सेंटिमीटर, मागे दोन पाय, फळ्यांना आकडे आणि खिळे, तेलाच्या दाबाचे ब्रेक. नोंदणीबाबत ‘परवाना-पत्र’ यांनी सांगितल्याप्रमाणे आधी विचारून मगच पैसे देणार. इगतपुरीला यंदा जमल्यास एकच फेरी आणि ती ट्रकने.

एक शंका उरली आहे. दांडीवर किती वजन यावे आणि ते घरच्या घरी कसे तपासावे?

वेल्डिंगवाला तळोजा

एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुमच्या बाबतीत ४८० किलो. पाच टक्क्यांच्या खाली गेले तर ट्रेलर मागे डुलतो. फार वाढले तर काकांनी लिहिल्याप्रमाणे ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात. ट्रॅक्टरची दांडी किती भार पेलते ते त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते, तेही पाहून घ्या.

तपासायला काट्यावर जा. आधी यंत्र चढवलेला ट्रेलर, ट्रॅक्टरपासून सोडून, पूर्ण काट्यावर घ्या. मग ट्रेलर मागे सरकवून फक्त दांडीचा जॅक काट्यावर आणि चाके काट्याबाहेर राहतील असे उभे करा. दुसरा आकडा म्हणजे दांडीवरचा भार. तो जास्त असेल तर यंत्र वीतभर मागे घ्या, कमी असेल तर पुढे, आणि पुन्हा तोला. बरोबर जमले की फलाटावर पट्ट्याच्या पुढच्या टोकाशी तेलरंगाने एक आडवी रेघ ओढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी अंधारातसुद्धा यंत्र कुठे थांबवायचे ते कळेल. काटेवाल्याला आधी सांगा, नाही तर तो एका फेरीचे दोनदा पैसे लावेल.

भातखाचर

रेघ पांढऱ्या रंगाची ओढा. आम्ही लाल ओढली होती, ती चिखलात दिसतच नाही.